विंडो सोडली तिथेच का उघडू नये? डिचोलीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा, की वापरणाऱ्याने विंडो जिथे सोडली तिथेच ती पुढच्या वेळी उघडावी, फाइलीत विंडोच्या जागेचे एक्स-वाय (आडवा-उभा) आकडे लिहून ठेवले की काम झालं, आणि ती जागा आज पडद्यावर आहे का ही मी सांगितलेली तपासणी म्हणजे प्रोग्रामरची नसती लुडबूड.

पहिल्या अर्ध्याशी माझं भांडण नाहीच. म्हापशाच्या दुकानातला बिलाचा संगणक टेबलावरून कधी हलत नाही, तिथे तुमची पद्धत खुशाल चालेल. पण तेच सॉफ्टवेअर अकाउंटंटच्या लॅपटॉपवर जातं. पणजीच्या ऑफिसात त्याच्या डाव्या हाताला दुसरा मॉनिटर. विंडोजमध्ये मुख्य पडद्याचा वरचा डावा कोपरा म्हणजे ०,०. त्यामुळे डावीकडच्या मॉनिटरवर एक्स उणे येतो, समजा −१५००. रात्री फोंड्याला घरी तो लॅपटॉप उघडतो. प्रोग्राम टास्कबारवर दिसतो, पडद्यावर नाही. मग फोन तुम्हालाच: "चालूच होत नाही हो!"

उणे आकडा दिसला की शून्य करायचा, हाही उपाय नव्हे. मॉनिटर जोडलेला असेल तर तो उणे आकडाच बरोबर. जपलेला चौकोन, म्हणजे विंडोची जागा आणि आकार, आज जोडलेल्या एखाद्या मॉनिटरवर येतो का, एवढंच विचारायचं. येत असेल तर हात लावू नका.

आणि लुडबूड म्हणाल, तर ती विंडोज स्वतःच करतं. विंडोची जागा ठरवणाऱ्या सेटविंडोप्लेसमेंट या विंडोजच्या फंक्शनला दिलेली जागा पूर्णपणे पडद्याबाहेर असेल, तर ते विंडो आपणहून दिसेल अशी आणतं. जागा जपतानाही त्याचं जोडीदार फंक्शन, ती जागा वाचणारं गेटविंडोप्लेसमेंटच वापरा. मिनिमाइझ केलेल्या विंडोचा साधा चौकोन मागितलात तर −३२००० असले आकडे हाती येतात, आणि ते फाइलीत गेले की संपलंच. (या दोन फंक्शनांचे आकडे सेटविंडोपॉस या विंडो हलवणाऱ्या दुसऱ्या फंक्शनला मात्र देऊ नका, टास्कबार वर किंवा डावीकडे असला की हिशेब चुकतो.)

लिनक्सवर वेलँड (पडद्यावर विंडो दाखवण्याची तिथली एक व्यवस्था) असेल तर हा वादच उरत नाही. तिथे मुख्य विंडो कुठे ठेवायची ते कंपोझिटर, म्हणजे सगळ्या विंडो पडद्यावर मांडणारा प्रोग्राम, ठरवतो, तुमच्या प्रोग्रामला विचारत नाही. जीटीके ४ या विंडो-बटणं बनवायच्या लायब्ररीमधून तर विंडो हलवण्याचं फंक्शनच काढून टाकलंय.

तुमच्या एखाद्या गिऱ्हाइकाची विंडो आत्ता हरवलेली असेल तर त्याला सांगा: टास्कबारवर क्लिक, मग ऑल्ट-स्पेस, मग एम, बाणाची कुठलीही कळ एकदा, आणि माउस हलवायचा. विंडो कर्सरला चिकटून येते.