परदेशी निघालात? मग आधी नीट जन्माला या

परदेशात नोकरी लागली म्हणून पेढे वाटायला निघाला असाल तर थांबा. पेढे परत डब्यात भरा. डबा खिडकीवर लागणार आहे.

मी जानेवारीतच वाटून मोकळा झालो. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या कंपनीचं पत्र आलं होतं. ब्लू कार्डवर, म्हणजे कुशल नोकरदारांना मिळणाऱ्या तिकडच्या परवान्यावर, एप्रिलमध्ये रुजू व्हायचं, बायको आणि सहा वर्षांची लेक सोबत. आता जून संपत आलाय, मी पुण्यातच आहे आणि कंपनीनं रुजू व्हायची तारीख दोनदा पुढे ढकललीय. मधल्या काळात जो अभ्यास झाला तो तुमच्या उपयोगी पडावा म्हणून हे सल्ले. फुकट आहेत, स्टॅम्प पेपर लागत नाही.

सगळ्यात आधी, लग्नाबद्दल. लग्न कधीही करा, पण भटजींची सही आधी घ्या आणि मंगलाष्टकं नंतर म्हणायला लावा. विवाह नोंदणीच्या अर्जावर भटजी लागतात, तीन साक्षीदार लागतात, शंभर रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. प्रेम वगैरे कुठल्या रकान्यात विचारत नाहीत. आम्ही नऊ वर्षांनी नोंदणीला गेलो तेव्हा आमचे भटजी मुलाकडे नाशिकला राहायला गेले होते. एका सहीसाठी नाशिक. त्यांनी सही केली आणि वर दक्षिणाही घेतली, पण हसून घेतली. या सगळ्या प्रवासात हसून पैसे घेणारा तो एकच माणूस भेटला.

मुलींनो, तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायला नवरदेव बसला की ताट उलटं करा.

पासपोर्टच्या पडताळणीला दारात कुणी आलं तर चहा विचारा. मी चहाच म्हणालो, बाकी तुम्ही महाराष्ट्रातलेच आहात.

अपोस्टिलच्या, म्हणजे आपला कागद परदेशात खरा मानावा म्हणून लागणाऱ्या शिक्कामोर्तबाच्या, बाबतीत मात्र अजिबात अभ्यास करू नका, सरळ एजंटाकडे जा. माझ्या एजंटानं डिग्री, लग्नाचा दाखला, लेकीचा दाखला अशी सगळी थप्पी घेतली आणि तीन आठवड्यांनी सुंदर स्टिकर लावून परत दिली. परराष्ट्र मंत्रालयाची फी कागदामागे पन्नास रुपये. एजंटाची किती ते बायकोला अजून सांगितलेलं नाही. नंतर कळलं की अपोस्टिलचा करार भारतात १४ जुलै २००५ पासून लागू असला, तरी भारताच्या प्रवेशाला जर्मनीनं आक्षेप घेतला होता आणि या दोन देशांमध्ये तो चालतच नाही. म्हणजे ते स्टिकर मी फ्रेम करून हॉलमध्ये लावू शकतो. एजंटाला विचारलं तर म्हणाला, "असू द्या ना सर, कधीतरी कॅनडाला गेलात तर चालेल."

आता मुख्य सल्ला. जन्म घेण्यापूर्वी आजोबांचं नाव तपासून घ्या.

हे माझ्या लेकीनं केलं नाही. तिच्या आजोबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं नाव विठ्ठल. मराठीत लिहायला काही अडचण नाही, ठ ला ठ जोडला की देव उभा. इंग्रजीत मात्र या देवाचे अवतार मोजता येत नाहीत. व्ही की डब्ल्यू, टी एक की दोन, एच कितव्या टीनंतर, शेवटी एल एक की दोन. माझ्या पासपोर्टवर माझ्या नावामागे जो विठ्ठल आहे त्याला एक टी आहे. लेकीच्या जन्मदाखल्यावर, जिथे वडील म्हणून माझं पूर्ण नाव आहे, तिथे त्याला दोन टी आहेत. हॉस्पिटलचा फॉर्म मीच भरला होता, कॅपिटलमध्ये, एका टीनं. त्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे. दुसरी टी टाइप करणाऱ्यानं भक्तिभावानं वाढवली असावी.

व्हिसाच्या कागदांची जुळवाजुळव करताना हे दिसलं आणि मी मार्चच्या पहिल्या सोमवारी जन्म नोंदणीच्या खिडकीवर गेलो.

"मॅडम, फॉर्मवर एकच टी आहे, बघा."

"फॉर्म हॉस्पिटलचा. आमच्या रेकॉर्डला दोन आहेत."

"पण रेकॉर्ड इथेच टाइप झालंय ना?"

"तेव्हा मी नव्हते. तेव्हा कंत्राटी पोरं होती."

हे उत्तर पाठ करून ठेवा. या राज्यात जे जे चुकलं आहे ते कंत्राटी पोरांनी केलं आहे, आणि ती पोरं आता नाहीत.

मॅडमनी प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलं. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टॅम्प पेपर इतिहासजमा झालाय, म्हणून पाचशेचा घेतला, नोटरी केली, नेऊन दिलं. "नोटरीचं नाही चालत, तहसीलचं आणा." पुन्हा पाचशे, पुन्हा रजा. मग आजोबांचा पुरावा मागितला. आधार दाखवलं. "आधार नको, शाळेचा दाखला." वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला ट्रंकेच्या तळातून काढला. अख्खा मराठीत. मॅडम म्हणाल्या, यात इंग्रजी स्पेलिंग कुठंय? मी म्हटलं, मॅडम, गावात तेव्हा वीजसुद्धा नव्हती. "मग शाळेतून इंग्रजीत करून आणा." गावी गेलो. मुख्याध्यापकांनी चहा पाजला आणि सांगितलं की जे मूळ रजिस्टरला नाही ते आम्ही इंग्रजीत कसं लिहून देणार. त्यांचं बरोबरच होतं. बरोबर असलेली माणसं मला त्या दिवसांत फार खुपायची.

मग राजपत्र. म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसानं शासनाला कळवायचं की मी आजपासून दोन टींचा विठ्ठल न राहता एका टीचा विठ्ठल झालो आहे. बाबांना सांगितलं तर ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "मी कुठं बदललोय?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला आलं तर कळवा.

त्यानंतर दोनदा सर्व्हर डाउन, एकदा साहेब ट्रेनिंगला आणि एकदा "आजच्या टोकन संपल्या". वेळ सव्वादहाची. टोकन दहाला सुरू होतात.

एका रात्री झोप येईना म्हणून कायदाच उघडला. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९. त्याचं कलम १५ जेमतेम परिच्छेदभर आहे. नोंदीत चूक आहे अशी खात्री पटली तर निबंधकानं मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती लिहायची, सही करायची, तारीख घालायची. संपलं. समासात! वहीच्या कडेला, जिथे आम्ही शाळेत फुलं काढायचो तिथे, एक ओळ. त्या एका ओळीसाठी मी चार महिने, अकरा रजा, दोन स्टॅम्प पेपर, एक नाशिक (ते वेगळं होतं, पण रागात सगळं एकच वाटतं) आणि एक गाव खर्च केलं.

कलमाची प्रिंट घेऊन गेलो. मॅडमनी वाचलीसुद्धा नाही. म्हणाल्या, "कायदा तुम्ही आम्हाला शिकवू नका."

कुणी शिकवायचा मग? कंत्राटी पोरांनी?

एकीकडे आपलंच सरकार २०२४ साली बाडेन-व्युर्टेम्बर्गशी करार करून आलं, महाराष्ट्रातून दहा हजार कुशल तरुण तिकडे पाठवणार म्हणून. स्टुटगार्ट त्याच राज्याची राजधानी. छान आहे, पाठवा. त्यांना जर्मन शिकवा, नर्सिंग शिकवा, बसमध्ये बसवा. फक्त त्यातल्या कुणाच्या आजोबांचं नाव विठ्ठल, ज्ञानेश्वर किंवा दत्तात्रय नाही ना, एवढं बघून घ्या. ज्ञानेश्वरांचं काय होईल याचा तर मी विचारच करू शकत नाही.

अजूनही एकदोन सल्ले लिहून ठेवले होते, डिग्रीबद्दल आणि विद्यापीठाच्या ट्रान्स्क्रिप्टबद्दल. राहू देत. आता विनोद सुचत नाही.

खिडकीपलीकडच्यांनो, आता तुमच्याशी सरळच बोलतो. चूक तुमची होती. माझ्या हातचा फॉर्म बरोबर होता आणि तो तुमच्याच कपाटात आहे, कारण झेरॉक्सवर तुमचाच आवक शिक्का आहे. तुम्ही चुकीचं टाइप केलंत आणि निर्दोष असल्याचं प्रतिज्ञापत्र मी करायचं? चूक तुमची, रजा माझी, पाचशे माझे, आणि उन्हात रांगेत उभे राहिले ते माझे वडील, कारण तुम्हाला "व्यक्ती समक्ष" हवी होती. समक्ष आलेल्या म्हाताऱ्याला तुम्ही खुर्चीसुद्धा दिली नाहीत. एक टी काढायला किती वेळ लागतो? बॅकस्पेस एकदा दाबायचा. कायद्यानं हवी तर समासात एक ओळ. तेही जमत नसेल तर निदान पुढच्या माणसाचं वाटोळं तरी करू नका. दाखला छापायच्या आधी तो स्क्रीन काचेकडे फिरवा. समोरच्याला म्हणा, वाचा, बरोबर आहे का. अर्धा मिनिट लागेल. अर्धा मिनिट!

माझ्या रजा संपल्या आहेत. सोमवारी बायको येणार आहे, हॉस्पिटलच्या फॉर्मची झेरॉक्स आणि कलम १५ ची प्रिंट घेऊन. तिला तो स्क्रीन दाखवा.