पंधरा मिनिटांचं जंगल

डाव्या घोट्यावर चौदा फोड आणि उजव्यावर नऊ. मोजलेत, रात्री दोनला खाजवत बसल्यावर दुसरं करणार काय. पण राग त्याचा नाहीये. राग 'गाईड' या शब्दाचा आहे. येतेच त्यावर.

आई-बाबा सांगलीहून इथे न्यूझीलंडला आलेत. रविवारी त्यांना नेल्सन लेक्स नॅशनल पार्कला नेलं, आमच्या नेल्सनहून गाडीने सव्वा-दीड तास. आईचा गुडघा म्हणून मुद्दाम रोटोइटी तळ्याकाठचा बेलबर्ड वॉक निवडला, सपाट, पंधराएक मिनिटांचा, व्हीलचेअरसुद्धा जाते. तिथूनच हनीड्यू वॉक आणि लूप ट्रॅक निघतात, एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या डब्यांसारखे, आणि कुठल्या डब्यातून कुठल्या डब्यात शिरलो कळलंच नाही. पंधरा मिनिटांचे दोन तास झाले.

सुरुवातीलाच बाबांना सांगितलं की हे तळं हिमनदीने कोरलंय, तिने ढकलत आणलेल्या दगडमातीचाच बांध पुढे झाला आणि पाणी अडलं.

"मग हिमनदी कुठाय?"

"गेली."

"कधी?"

"दहा-बारा हजार वर्षं तरी झाली."

"आणि तू आत्ता आणतेस आम्हाला."

पुढे बीच नावाची झाडं, खोडं काळी कुळकुळीत. आईला वाटलं वणवा लागला होता. वणवा नाही, ती बुरशी. सालीतला एक किडा केसासारख्या बारीक नळीतून गोड थेंब सोडतो, त्यावर ती वाढते. बाबांनी एक थेंब बोटावर घेऊन चाटला, "काकवी आहे गं!" म्हणाले, आणि मग मी ती नळी किड्याच्या कुठल्या टोकाला असते ते सांगितलं. त्यानंतर बराच वेळ शांतता होती, तेवढीच.

सँडफ्लाय मात्र शांत नव्हत्या. आई त्यांना चिलटं म्हणते. कॅप्टन कुकनेही १७७३ मध्ये न्यूझीलंडच्याच डस्की साउंड खाडीत यांच्या नावाने रडून ठेवलंय, आणि तो तर बोटी घेऊन जग फिरलेला माणूस. गडद रंगावर जास्त बसतात म्हणे. मी नखशिखांत काळ्यात. आई फिक्या पिवळ्या साडीत, पायात माझेच जुने बूट, एक चावा नाही.

तर वळणावर एक आजी भेटल्या. ऐंशीच्या आसपास, हाफ पँट, पाठीला सॅक, गुडघ्यावर बसून एका लाकडी पेटीचं झाकण उघडत होत्या. बाबा लगेच डोकावले. आत मेलेला स्टोट. आपल्या मुंगसासारखा दिसतो, पण अंगाने बारीक. ससे फार झाले म्हणून १८८० च्या दशकात इथे आणून सोडला, त्याने सशांबरोबर पक्षीही खाल्ले, आता त्याच्यासाठी जंगलभर सापळे. आजींनी तो शेपटीला धरून वर केला, आपल्याकडे भाजीवाली ताजी मेथीची जुडी दाखवते तसा.

"अगंबाई, मुंगूस!" आईने हात जोडले. "मुंगूस दिसणं शुभ असतं."

मी म्हटलं, "आई, मेलंय ते."

"तरी."

आजींनी विचारलं, या काय करतायत? आता शकुन-अपशकुन इंग्रजीत कसा समजवायचा, पायावर चिलटं बसलेली असताना? मी म्हटलं, नमस्कार करतेय. आजींचे डोळे भरून आले. इतकी वर्षं सापळे तपासतेय, म्हणाल्या, पण त्या जिवाचा विचार करणारं कोणी पहिल्यांदाच भेटलं. आणि त्यांनीही हात जोडले. स्टोट अजून हातातच होता, त्यामुळे तोही मध्ये जोडला गेला.

बाबा म्हणाले, "विचार, पगार किती मिळतो?" काही नाही, स्वयंसेवक आहे.

"फुकट? या वयात? आमच्या सोसायटीत जिन्यातला बल्ब बदलायला कोणी येत नाही!" हे मी भाषांतर केलं नाही, तर बाबांनी स्वतःच केलं, हातवारे करून, बल्बसकट. आजी खो खो हसल्या. दहा मिनिटं त्या तिघांचं असं चाललं होतं की कोणाला वाटावं एकाच चाळीत वाढलेत. मी मात्र एका पायाने दुसरा पाय खाजवत उभी.

मग आजी माझ्याकडे वळल्या. आवाज मोठा केला, एकेक शब्द सुट्टा केला, आणि विचारलं, "तुम्ही... यांच्या... गाईड... का?"

अकरा वर्षं नेल्सनमध्ये राहते मी. टॅक्स भरते, मत देते. इंग्रजीचा एक शब्द न बोलणारी आई यांना घरची वाटली, आणि इतका वेळ यांच्याच भाषेत बडबडणारी मी भाड्याची. म्हटलं, मुलगी आहे, इथेच राहते. "हो का, मूळची कुठली?" आलंच ते. मी उत्तर देणार तेवढ्यात बाबांना 'गाईड' एवढा शब्द बरोबर कळलेला. "यस यस, गाईड!" ते म्हणाले, आणि बोट माझ्याकडे करून, "बट रोड नॉट नोइंग!"

आजींनी आम्हाला थेट पार्किंगपर्यंत आणून सोडलं. पुढे आई आणि त्या, मागे बाबा, सगळ्यात शेवटी मी.

काल रात्री व्हिडिओ कॉलवर बाबा माझ्या काकाला सांगत होते, "जंगल एक नंबर, आपलं चांदोलीच. गाईड तेवढा जरा कच्चा मिळाला." मी समोरच बसले होते, पायाला बर्फ लावून.