दादा, ते अर्धंच पान आहे

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दादानं घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलं. वर 'पालकांनो, वेळीच जागे व्हा', खाली जोडलेल्या हातांच्या तीन जोड्या, मध्ये सहा मुद्दे. विषय एकच, मुलांना बी.ए. इतिहासला घालून त्यांचं वाटोळं करू नका. दुपारपर्यंत तेच मला शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आलं, संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवरही.

एरवी मी अशा गोष्टींच्या वाटेला जात नाही. पण दादाची मुलगी यंदा आर्ट्समधून बारावी झाली. तिला एफ.वाय.ला इतिहास मेजर घ्यायचाय. फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार, आणि सोमवारपासून घरात तिच्याशी कुणी धड बोलत नाही. मी तिची आत्या आणि स्वतः बी.ए. इतिहास. म्हणजे त्या फॉरवर्डातलं वाया गेलेलं उदाहरण मीच, फक्त नाव घातलेलं नाही.

ज्यांच्यापर्यंत ते पोचलं नसेल त्यांच्यासाठी मुद्दे असे: एक, इतिहास म्हणजे सनावळ्यांचं पाठांतर, आणि ते सगळं आता मोबाइलवर मिळतं, एआय सांगतो. दोन, नोकरी मिळाली तर मास्तरकीची, तीही मिळत नाही. तीन, कमी टक्के पडलेलीच पोरं आर्ट्सला जातात. चार, स्पर्धा परीक्षांत सगळे इंजिनियर नि डॉक्टर पास होतात, इतिहासवाल्यांना कोण विचारतो. पाच, एका परदेशी विद्यापीठाच्या अहवालानुसार ही जगातली सर्वांत निरुपयोगी पदवी आहे. सहा, मुलगी असेल तर ठीक आहे, लग्नाच्या बायोडेटात ग्रॅज्युएट लिहिता येतं.

पाचवा आधी उडवते, कारण त्यात काहीच नाही. कुठलं विद्यापीठ, कुठल्या सालचा अहवाल, निरुपयोगी ठरवलं ते कशाच्या मापानं, यातलं एकही लिहिलेलं नाही. असल्या 'अहवाला'ला एस.वाय.चं पोरगंसुद्धा विचारेल, बाबा रे, तू आलास कुठून? पुढे.

तिसरा मुद्दा तर मुद्दाच नाही, टोमणा आहे. पुतणीला अठ्ठ्याहत्तर टक्के आहेत. कमी वाटत असतील त्यांनी स्वतःची मार्कशीट ग्रुपवर टाकावी. दादा, तूसुद्धा.

आता पहिला मुद्दा. यावर मी थांबणार आहे, कारण इतका धडधडीत खोटा दावा इतक्या आत्मविश्वासानं केलेला मी बऱ्याच दिवसांत वाचला नव्हता.

सनावळ्या. ठीक, सनावळ्यांचंच बोलू. पेशवाईतल्या एखाद्या पत्रावर तारीख असते ती अशी: 'सु॥ इहिदे सितैन मया व अलफ'. इसवी सन कुठेही नाही. हे अरबी आकडे आहेत, एककाकडून हजाराकडे जाणारे. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. हा शुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. नेमके किती, ते पत्र वर्षाच्या कुठल्या महिन्यातलं आहे त्यावर ठरतं, कारण हे वर्ष जानेवारीत नाही, मृग लागला की बदलतं. म्हणून त्याला मृगसाल म्हणायचे. हिशेब केला की येतं १७६०-६१. म्हणजे पानिपतचं साल. शाळेत आपण '१४ जानेवारी १७६१' पाठ केलं, कारण आपल्या आधी कुणीतरी हा उद्योग करून ठेवला होता. पदवीच्या वर्गात धड शिकवणारा माणूस भेटला, तर तो हा उद्योग शिकवतो.

यावर दादा म्हणेल, पेशव्यांची पत्रं वाचून पोट भरतं का? मग पेशवे सोडू. २०२३चा सप्टेंबर आठव.

मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं आणि राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. काम होतं निजामकाळातल्या मराठवाड्याच्या जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधण्याचं, कारण कुणबी ओबीसीत येतात. पुढे समितीची कक्षा वाढवून अख्खं राज्य त्यात घेतलं. आरक्षण द्यावं की देऊ नये, हा वाद इथे नको, आपल्या घरात त्यावर दोन दिवाळ्या गेल्यात. मी सांगतेय ते कागदांचं. जन्म-मृत्यूची रजिस्टरं म्हणजे गाव नमुना १४, कोतवाल बुकं, खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, शाळांचे प्रवेश-निर्गम, सगळं दप्तरांतून बाहेर निघालं. आणि निघाल्यावर पहिला प्रश्न पडला की हे वाचणार कोण? बरंचसं मोडी लिपीत, मराठवाड्यातलं बरंचसं उर्दूत. जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी आणि उर्दू जाणकारांची शोधाशोध सुरू झाली. लाखो नोंदी सापडल्या. त्या शोधण्यासाठी सरकारला मोबाइल पुरला नाही, माणसं लागली.

त्या दिवाळीत माझा फोन वाजायचा थांबत नव्हता. टी.वाय.ला असताना मोडीचा वर्ग केला होता, तेव्हापासून मी जुने कागद वाचून देते. माढा तालुक्यातल्या लांबच्या नातेवाइकांनी पणजोबांच्या नोंदीचा फोटो पाठवला. फोटोत पणजोबांची एकच ओळ, नीट कापून घेतलेली, म्हणजे मला वाचायला सोपं जावं म्हणून! जातीच्या रकान्यात शब्द होता 'सदर'. ते घाबरले, म्हणाले, ही कुठली जात? मी म्हटलं, पूर्ण पान पाठवा. पूर्ण पान आलं तेव्हा दिसलं की सगळ्यात वरच्या नावापुढे जात लिहिलीय आणि खाली दहा-बारा ओळी लेखनिकानं 'सदर, सदर' करत नेल्यात. सदर म्हणजे वरीलप्रमाणे. एवढंच. पण आपल्या कामाची ओळ कापून घेतली की तिचा अर्थच निघून जातो, आणि हे कळायला कुठलंही ॲप उपयोगाचं नाही, सवय लागते. वर कोण आहे, खाली कोण आहे, लिहिणारा कोण, त्यानं हे का लिहिलं, कुणासाठी लिहिलं, हे विचारायची सवय. बी.ए.ची तीन वर्षं मी हीच सवय लावून घेत होते. तेव्हा मला वाटत होतं की मी नोट्स काढतेय.

दुसरा कागद अंबाजोगाईकडचा. वर साल १३४३. घरातले तरुण उत्साहानं सांगायला लागले, आत्या, सातशे वर्षांपूर्वीचा पुरावा आहे! १३४३ साली दिल्लीच्या गादीवर महंमद तुघलक होता. तो कागद फसली सनाचा, म्हणजे महसुली वर्षाचा होता, निजामाच्या राज्यातला. ५९० मिळवा, १९३३-३४ येतं. तोच खरा कामाचा, कारण ओबीसीच्या जात पडताळणीला पुरावा हवा असतो १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. पोरांनी तुघलकाच्या थाटात अर्ज भरला असता तर काय झालं असतं, ते पडताळणी समितीच जाणे.

आणि एआयचं म्हणाल तर, हो, मोडीची देवनागरी करणारी यंत्रणा करायचं काम चाललंय. आयआयटी रुडकीत झालंय. होऊ दे, मला आनंदच आहे, माझे डोळे वाचतील. पण त्या यंत्राला शिकवायला आधी माणसांनी वाचलेले कागदच घालावे लागतात, आणि पुढेही ते बरोबर वाचतंय का हे बघणारं कुणीतरी लागणारच. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, लिहिणारा टाक न उचलता ओळ ओढत नेतो. एकट्या पुण्याच्या पुरालेखागारात असे कोट्यवधी कागद रुमालांत बांधून ठेवलेत. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३०च्या दशकात पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, तेही त्यातली चिमूटभरच. 'सगळं मोबाइलवर आहे' असं लिहिणाऱ्यानं तो रुमाल कधी सोडून पाहिलेला नाही. पाहिला असता तर शिंका तरी आल्या असत्या.

दुसरा मुद्दा, नोकरीचा. इथे मला नाइलाजानं मान डोलवावी लागतेय. मास्तरकीचं फॉरवर्डात जे लिहिलंय ते बरंचसं खरं आहे. एम.ए. करायचं, सेट-नेट काढायची, जमलं तर पीएच.डी., आणि मग तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत धावत शिकवायचं, मानधन मिळेल तेव्हा. माझ्या बरोबरच्या दोघी अशा झिजल्या. शाळेत जायचं तर बी.एड.ची दोन वर्षं आणि मग शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे. अजून एक कबूल करते. आपल्याकडे अनेक जण इतिहास घेतात तो इतिहासासाठी नाही, डिग्री हातात असावी म्हणून. कॉलेजात हजेरीपुरते जातात, आदल्या रात्री गाइड वाचतात आणि बाकीचा वेळ पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत. अशानं केलेली पदवी निरुपयोगीच ठरणार. त्यात विषयाचा काय दोष?

पण 'मास्तरकी नाहीतर काही नाही' हे मात्र खोटं. बी.ए.नंतर सीईटी देऊन तीन वर्षांचं एल.एल.बी. करता येतं. जमिनीच्या खटल्यांत सनदा, इनामं, जुने फेरफार वाचता येणारा वकील किती दुर्मीळ आहे ते कोर्टात बसून बघ. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एम.ए. आहे. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्र १९५२पासून शिकवतात. एम.ए. करून नॅशनल आर्काइव्ह्जचा अभिलेख व्यवस्थापनाचा डिप्लोमा करता येतो. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या जुलैत, मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा आपले आणि एक तमिळनाडूतली जिंजी. ते ढोल वाजवून जात नाहीत. प्रत्येक किल्ल्याची कागदपत्रं मांडावी लागतात, आणि आता पुढे त्यांची निगा राखायचीय, लोकांना नीट सांगायचेत. यातल्या जागा थोड्या आहेत, मी खोटं बोलणार नाही. शून्य मात्र नाहीत. मी स्वतः एका वकिलांकडे अर्धा दिवस कागद वाचते, उरलेला वेळ भाषांतरं करते. श्रीमंत झाले नाही. लाइटबिल वेळेवर भरते.

चौथ्याबद्दल चार ओळी. इंजिनियर खूप निवडले जातात, बरोबर. पण ते निवडले जातात ते थर्मोडायनॅमिक्स लिहून नव्हे, त्यांनाही इतिहासाचा पेपर सुटत नाही. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली, लेखी १७५० गुणांची. गोळे रंगवायचे दिवस गेले, आता पानंच्या पानं मुद्देसूद लिहावं लागतं. आणि यूपीएससीत २०२१च्या परीक्षेत देशात पहिली आलेली श्रुती शर्मा, सेंट स्टीफन्सची इतिहासाची पदवीधर, वैकल्पिक विषयही इतिहासच. एका उदाहरणावरून नियम काढायचा नसतो, हे आम्हाला इतिहासातच शिकवतात, म्हणून जास्त ताणत नाही. पण 'कोण विचारतो' या प्रश्नाला तेवढं उत्तर पुरे.

राहिला सहावा.

दादा, हा मुद्दा तू वाचून पुढे पाठवलास की न वाचता, ते मला माहीत नाही. न वाचता पाठवला असशील अशी आशा आहे. ज्या ग्रुपवर पाठवलास त्यावर तुझी मुलगी आहे. तिनं सकाळी उठून वाचलं की तिनं काहीही शिकलं तरी ते बायोडेटाच्या एका ओळीसाठी आहे. माझ्या वेळी बाबांनी माझ्या बायोडेटात 'बी.ए. (इतिहास)' लिहिलं आणि नंतर कंसातला इतिहास खोडला, विषय विचारला तर उगीच अडचण नको म्हणून. तो खोडलेला कागद मी जपून ठेवलाय. मोडी नाही, वाचायला सोपा आहे. हवा तर फोटो पाठवते, पूर्ण पानाचा.

तिनं इतिहास घेऊ नये असं तुला खरंच वाटत असेल तर तिच्याशी बोल. फी किती, कॉलेजात शिकवणारे कोण, मायनर काय घ्यायचं, मोडीचा वर्ग तिथे आहे का, तीन वर्षांनी थांबायचं की चौथं ऑनर्सचं करायचं, हे विचार. यातल्या एखाद्या प्रश्नावर तिचं उत्तर कच्चं निघालं तर मीच तिला सांगेन, थांब, नीट चौकशी कर. पण सकाळी सहाला कुणा अनामिकाचा कागद तिच्या तोंडावर फेकणं, याला बोलणं म्हणत नाहीत.

हे सगळं मी काल रात्री ग्रुपवर टाकलं, थोडं कमी तिखट. दादानं उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवलाय. जुन्या कागदांवर कुणब्याच्या सहीच्या जागी नांगराची निशाणी असते, तिचा अर्थ मला लागतो. या अंगठ्याचा, मंजूर की 'बघू', अजून लागलेला नाही. आज बुधवार आहे. वहिनीला फोन करून बघते.