विनोदी विज्ञानमालिकेची मजा कशी घालवावी

घरातले सगळे हसतायत आणि आपल्यालाच हसू येत नाही, असा प्रसंग आला तर दोन उपाय आहेत. एक, आपणही हसावं. तो सोपा आहे, म्हणून सोडून द्या. दुसरा, मालिकेच्या कथानकातलं भोक शोधावं, घरादाराला दाखवावं आणि सगळ्यांना आपल्या पातळीवर आणावं. परग्रहवासी, रोबो, टाइम मशीन असलेल्या विनोदी मालिका या कामाला एक नंबर. तिथं भोकं शोधावी लागत नाहीत, पाय टाकला की आत.

आधी वेळ साधायला शिका. विनोदात मांडणी असते, मग क्षणभराचा थांबा, मग टोला. नवशिका टोला बसल्यावर बोलतो. तोवर लोक हसून मोकळे झालेले असतात, उपयोग शून्य. तुम्ही थांब्यावर पॉज दाबा. पडद्यावरच्या माणसाचं तोंड उघडं, आजोबांचा घास हातात, धाकटा हसायच्या तयारीत. आता शांतपणे विचारा, "पण अवकाशात हवाच नाही, तर स्फोटाचा आवाज आला कुठून?" उत्तराची वाट बघू नका, उत्तर द्यायला कुणी बसलेलं नसतं. पुन्हा प्ले दाबल्यावर टोला बसतो, पण त्यात जीव उरलेला नसतो.

आवाजाच्या भोकावर मात्र फार दिवस निघत नाहीत, ते आता आठवीतल्या पोरालाही ठाऊक असतं. मग गुरुत्वाकर्षण घ्या. यानात लोक असे चालतात जणू परभणी जंक्शनच्या फलाटावर गाडीची वाट बघतायत. याचं खरं कारण असं की माणसं तारांना टांगून तरंगवायला पैसा आणि वेळ लागतो, आणि सेटला फरशी आयती असते. 'स्टार ट्रेक'मध्ये १९६६ साली माणसं किरणांतून ग्रहावर उतरू लागली, तीही विज्ञानाची झेप म्हणून नव्हे. दर आठवड्याला अख्खं यान उतरवून दाखवणं परवडत नव्हतं, म्हणून. पुढं विनोदी मालिकांनी ती सोय तशीच उचलली. बहुतेक भोकांचं मूळ असं जमाखर्चाच्या वहीत सापडतं. पैसे संपले, नट सोडून गेला, किंवा पुढचं पर्व मिळेल असं लेखकानं धरलंच नव्हतं. पण हे घरात बोलू नका. कारण कळलं की लोक माफ करतात, आणि लोकांनी माफ केलं की तुमचं दुकान बंद.

सरावासाठी 'रेड ड्वार्फ' घ्या, बीबीसीची, १९८८ पासूनची. काळ थांबवलेल्या कोठडीत शिक्षा भोगणारा लिस्टर बाहेर येतो तेव्हा ३० लाख वर्षं उलटलेली असतात. यानावरचे बाकी सगळे मेलेले, उरलेत तो, त्याच्या मेलेल्या सहकाऱ्याचा होलोग्राम, आणि मांजरांपासून उत्क्रांत झालेला एक छानछोकीचा गडी. हे सगळं निमूट गिळा. इथं तोंड उघडलंत तर अडाणी ठराल. वही काढा आणि लिहा: सुरुवातीला यानावर १६९ माणसं होती, नंतरच्या पर्वांत ती १,१६९ झाली. जिवंत माणसं वाढलेली आपण समजू शकतो, मेलेली कशी वाढली? लिस्टरचं अपेंडिक्स आधी एकदा काढून झालेलं असतं, सहाव्या पर्वात ते पुन्हा दुखायला लागतं. हे मुद्दे जेवताना काढावेत.

या मालिकेत एक सापळाही आहे. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी लिस्टर गरोदर असतो (होय, तो पुरुषच आहे) आणि तिसऱ्या पर्वात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मधल्या काळात यानाच्या संगणकाचा चेहरा बदललेला असतो, नवा यंत्रमानव कायमचा मुक्कामाला आलेला असतो. तुम्ही बाह्या सरसावता. तेवढ्यात या सगळ्याचा खुलासा करणारा मजकूर पडद्यावर खालून वर सरकत जातो, पण वाचताच येणार नाही इतक्या वेगानं. खुलासा दिला, आणि दिलाही नाही. १९८९ साली ज्यांच्याकडे व्हीसीआर होता त्यांनी तो थांबवून थांबवून वाचला, आणि त्यातही विनोदच निघाले. तुम्ही चुकूनही थांबवू नका. हसू येण्याची दाट शक्यता आहे.

'फ्युचुरामा' ही पार्सलं पोचवणाऱ्या यानाची कार्टून मालिका त्याहून अवघड, कारण तिच्या लेखकांत गणितात, संगणकशास्त्रात डॉक्टरेट केलेली माणसं होती. प्रकाशापेक्षा वेगानं जाता येत नाही, मग हे यान रोज पार्सलं कशी पोचवतं? मालिका सरळ सांगते, शास्त्रज्ञांनी २२०८ साली प्रकाशाचा वेगच वाढवून ठेवला. आणि इंजिन यानाला हलवतच नाही. यान जागच्या जागी, इंजिन भोवतालचं विश्व सरकवतं. आता काढा चूक!

याच मालिकेच्या २०१० सालच्या एका भागात दोघांची मनं एकमेकांच्या शरीरात घालणारं यंत्र आहे. अट एकच, त्याच दोन शरीरांची अदलाबदल पुन्हा होत नाही. म्हणजे कथा अडकली. साध्या लेखकानं "यंत्र दुरुस्त झालं" म्हणून वेळ मारून नेली असती. केन कीलर या लेखकानं त्यासाठी गणिताचं प्रमेय सिद्ध केलं आणि ते फळ्यावर लिहून दाखवलं. कितीही जणांची मनं कशीही भेसळ झालेली असोत, दोन कोरी, म्हणजे यंत्रात न गेलेली माणसं आणली की सगळे आपापल्या घरी परततात.

खात्री करायची तर चार वाट्या आणि चार चिठ्ठ्या घ्या. वाटी म्हणजे शरीर, चिठ्ठी म्हणजे मन. गण्या आणि बंड्याच्या चिठ्ठ्या बदललेल्या आहेत, तात्या आणि नाना कोरे. आधी गण्याच्या वाटीतली चिठ्ठी तात्याच्या वाटीशी बदला, मग बंड्याची नानाशी. त्यानंतर गण्याची नानाशी आणि बंड्याची तात्याशी. गण्या, बंड्या सुटले. शेवटी तात्या आणि नानाची आपसात, की पाच अदलाबदलीत चौघं जागेवर. क्रम मात्र सांभाळा. गण्याची वाटी तात्याशी आणि लगेच नानाशी बदलली, तर गण्याचं मन नानाकडे यायच्या आतच त्याच्या वाटीचे तिन्ही दरवाजे बंद होतात. मग आणखी माणसं गोळा करा, नाहीतर गण्याला तसाच नांदवा. तर या भागाच्या वेळी तुम्ही बाहेर चक्कर मारून या. चूक सापडणार नाही आणि वर गणित शिकावं लागेल.

आपल्याकडची मुख्य अडचण मात्र लेखकाची नाही, प्रेक्षकाची आहे. मराठवाड्याचा माणूस या बाबतीत फार बिघडलेला आहे. भारुडात मिशावाला गडी लुगडं नेसून उभा राहतो, पदर सावरत सासूची गाऱ्हाणी सांगतो, आणि हजारभर लोकांतून एकही जण विचारत नाही, "बाई, तुम्हाला मिशा कशा?" वगात राजानं रंगमंचाला एक फेरी मारली की पैठणहून काशी आली. इंधन नाही, इंजिन नाही, २२०८ सालाची वाट बघायलाही नको. अविश्वास राजीखुशीनं बाजूला ठेवण्याबद्दल कोलरिज या इंग्रज कवीनं १८१७ साली लिहिलं. एकनाथांचं निधन १५९९ सालचं, म्हणजे गोदाकाठची माणसं त्याआधी २०० वर्षांहून अधिक काळ हे फुकटात करत होती. अशा लोकांसमोर गुरुत्वाकर्षण काढून काय होणार?

म्हणून कुणी ही असली मालिका मराठवाड्यातच घडवली, तर संधी सोडू नका. समजा, उदगीरकडं एका तुरीच्या रानात उडती तबकडी उतरली. लेखक लगेच लष्कर आणतो, पळापळ दाखवतो. इथं पॉज दाबा. आपल्याकडं आभाळातून वस्तू पडायचं कुणाला अप्रूप आहे? हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून संशोधनाचे भलेमोठे फुगे सोडतात. ते ३० ते ४२ किलोमीटर उंच जातात, आणि त्यांच्या यंत्रांच्या पेट्या रंगीत पॅराशूटला लटकत २०० ते ३५० किलोमीटरवर कुठंही उतरतात. हात लावू नका, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा, अशी सूचना आपल्या जिल्ह्यांत निघते. तेव्हा खरं दृश्य असं: शेतकरी तबकडीला एक चक्कर मारतो, कुठं चिठ्ठी चिकटवलीय का ते बघतो, पोलीस पाटलाला फोन लावतो आणि तूर किती आडवी झाली ते मोजायला लागतो. परग्रहवासी दार उघडून बाहेर येतो, तर पंचनाम्याला पंच कमी पडतायत म्हणून त्याचीच सही घेतात. लष्कर हे भोक आहे, तबकडी नाही.

तसंच भाषेचं. सगळे परग्रहवासी इंग्रजी बोलतात, ही तक्रार जुनी झाली. तिच्यावर १९८१च्या एका बीबीसी मालिकेनं कानात भाषांतर करणारा मासा घालून तोडगाही काढला. पण त्या माशाला देगलूरच्या बाजारात तेलुगू, निलंग्याकडं कन्नड आणि संभाजीनगरात दखनी, वर "काय करायलाव?" हेही एका दिवसात उरकायचं असेल, तर संध्याकाळपर्यंत तो कानातून आपणहून बाहेर येईल. विजेचंही विचाराच. टाइम मशीनला थ्री फेज लागत असणार आणि शेतीची लाईन या आठवड्यात रात्रीची. मग हिरो भरदुपारी भूतकाळात गेला कसा? आकडा टाकला असेल तर तसं दाखवा, आमचं काही म्हणणं नाही.

एक पथ्य पाळा: मराठवाड्यातल्या खऱ्या गोष्टींचा दाखला देऊ नका, त्यानं मालिकेचीच बाजू बळकट होते. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत १० टाक्या, ५ लाख लिटर. संहितेत लिहिलं असतं तर चॅनेलवाल्यांनी "जरा अती होतंय" म्हणून कापलं असतं. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा मंजूर आहे. तिच्या दोन भुजा ४-४ किलोमीटरच्या, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या जाडीहून कितीतरी कमी फरक पडला तरी तो पकडायचा, असं तिचं काम. हे ऐकल्यावर घरातलं कुणीही विचारेल, मग तुमच्या त्या रोबोनं काय घोडं मारलंय?

रोबोवरून आठवलं, या मालिकांपासून जपून. 'स्मॉल वंडर' १९८५ ते १९८९ चालली. रोबो मुलगी घरात दत्तक म्हणून खपवलेली, पाठीत झाकण, आणि चार वर्षांत यंत्राची उंची वाढत गेली. तिथवर तुमचं राज्य होतं. 'बहू हमारी रजनीकांत'नं २०१६ साली यंत्र थेट सून म्हणून घरात आणलं, आणि अशा मालिका आजी बघायला लागल्या. आजीला सर्किट, चिप, बॅटरी यांतलं काहीच खटकत नाही. सून यंत्राची आहे? असू दे, कामाला बरी. पण तिसऱ्या दिवशी ती विचारते, "पंचमी झाली, दिवाळी झाली, हिला न्यायला मुराळी कसा आला न्हाई? अन् सासूला त्याचं काहीच कसं वाटंना?"

हे भोक बुजत नाही. यंत्र एका वाक्यात पटतं. पण सासू सासूसारखी वागली नाही, तर अख्खं घर रिमोट शोधायला लागतं. शिवाय ते भोक तुम्ही शोधलेलं नाही, हा त्यातला मोठा धोका. अशा वेळी ताबडतोब प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर असतो, असं ठणकावून सांगा. आजी "आसंल बाबा" म्हणेल आणि मुराळ्याचं पुन्हा विचारेल. मग मात्र पाणी प्यायला म्हणून उठा, आणि पुढचा भाग संपेपर्यंत आत येऊ नका.