‘ड्रॅगन बॉल सुपर’चा पाचवा भाग मुद्दाम बिघडवला म्हणे!

‘ड्रॅगन बॉल सुपर’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेच्या पाचव्या भागातल्या, नायक गोकू आणि विनाशाचा देव बीरस यांच्या पहिल्या लढतीचे वेडेवाकडे चेहरे जोडून एक मेसेज पुन्हा फिरतोय. त्यात पाच दावे आहेत: भाग मुद्दाम खराब काढला, म्हणजे नंतर ब्ल्यू-रे डिस्क खपते, अ‍ॅनिमेटर आळशी होते, बजेट कापलं, सगळं काम फिलिपिन्सला ढकललं, आणि हे स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा. अ‍ॅनिमेशनचा कोर्स करणाऱ्या भाच्याने तो ‘बघ, तुमच्या जपानची लायकी’ म्हणून पाठवला, म्हणून हे उत्तर.

‘मुद्दाम’वाला मुद्दा सगळ्यात अचाट आहे. ड्रॅगन बॉलची खरी कमाई खेळणी, कार्ड आणि गेममधून होते. हा माल विकणारी बंदाई नामको कंपनी आपल्या आर्थिक अहवालात प्रत्येक मालिकेची विक्री वेगळी दाखवते आणि त्या यादीत ड्रॅगन बॉल वर्षानुवर्षं वरच्या रांगेत असतो. टीव्हीवरचा भाग ही या मालाची दर रविवारची जाहिरात होती. चार डिस्क खपाव्यात म्हणून स्वतःच्याच जाहिरातीला काळं फासणारा धंदेवाईक जपानात काय, कुठेच नसेल. ब्ल्यू-रेमध्ये काही शॉट दुरुस्त केले हे खरं. पण ती टीव्ही अ‍ॅनिमेशनमधली नेहमीची पद्धत आहे: प्रसारणाआधी जे तपासायचं राहिलं, ते डिस्क निघेपर्यंत सुधारतात. त्या दुरुस्तीचाही खर्च येतोच.

मग चित्रं बिघडलेली राहिली कशामुळे? तारखा बघा. मालिकेची घोषणा एप्रिल 2015 च्या अखेरीस, पहिला भाग 5 जुलैला, आणि हा पाचवा भाग ऑगस्टमध्ये. काम आधीपासून चालू असणार हे धरलं, तरी दर आठवड्याला एक भाग द्यायच्या मालिकेत हाताशी साठा किती उरतो? एका भागात साधारण 300 कट, म्हणजे शॉट, असतात. प्रत्येक कट स्टोरीबोर्ड (दृश्यांचा चित्रआराखडा), लेआउट (शॉटची मांडणी), कीफ्रेम (हालचालीची मुख्य चित्रं), इनबिटवीन (त्यांच्या मधली चित्रं), रंग, कॉम्पोझिटिंग (सगळे थर एकत्र जोडणं) अशा हातांतून जातो. कीफ्रेम वेगवेगळ्या लोकांनी काढलेल्या असतात, म्हणून गोकूचं नाक सगळीकडे सारखं ठेवायला अ‍ॅनिमेशन सुपरवायझर त्यांवर दुरुस्तीचा कागद ठेवून पुन्हा काढतो. स्टोरीबोर्ड उशिरा आला की पुढचं सगळं सरकतं, प्रसारणाची तारीख मात्र जागेवरच. कापली जाते ती या सुपरवायझरची वेळ. पेणच्या कारखान्यात मातीकाम लांबलं तर डोळ्यांच्या आखणीला रात्र उरत नाही, चतुर्थी काही पुढे जात नाही, तसंच. हिशोब करा: 300 कट एका माणसाला एका आठवड्यात तपासायचे तर दिवसाला 43, अकरा तासांच्या दिवसात एका कटला जेमतेम पंधरा मिनिटं. तो जवळचे चेहरे वाचवतो आणि लांबचे गोकू तसेच सोडतो.

आता ‘आळशी’. हा शब्द वाचून डोकं फिरतं. जपानच्या अ‍ॅनिमेटरांच्या संघटनेने, जॅनिकाने, 2015 मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. 2013 सालचे आकडे: महिन्याला सरासरी 262.7 तास काम, सुट्ट्या सरासरी 4.6 दिवस. इनबिटवीन काढणाऱ्यांचं वर्षाचं सरासरी उत्पन्न 11 लाख 13 हजार येन, म्हणजे महिन्याला 93 हजारांच्या आत, तेही टोकियोसारख्या शहरात. त्यांना बहुतेकदा चित्रामागे पैसे मिळतात. चित्र परत आलं, पुन्हा काढावं लागलं, तर नुकसान त्यांचंच. आळस परवडेल असा हा धंदाच नाही. आणि याच मालिकेचे 2018 च्या मार्चमधले शेवटचे भाग, 130 आणि 131, काढून बघा. कंपनी तीच, मालिका तीच. तेव्हा नियोजन सावरलं होतं आणि चांगले हात महत्त्वाच्या भागांसाठी राखून ठेवता येत होते.

बजेटचं म्हणाल तर पैशांची ओढाताण या धंद्यात कायमचीच, तेवढं मान्य. पण पैसा ओतून हातात आठवडे येत नाहीत. चांगला कीफ्रेम अ‍ॅनिमेटर महिनोन्महिने आधीच गुंतलेला असतो. फिलिपिन्सचं म्हणाल तर ही मालिका बनवणाऱ्या तोएई कंपनीचा तिथला स्टुडिओ 1980 च्या दशकापासूनचा आहे, आणि चांगले दिसणारे कितीतरी भागही तिथूनच गेलेत.

स्क्रीनशॉटचं मात्र अर्धं खरं आहे. 2013 च्या चित्रपटात हीच लढत कितीतरी सुबक बघून झाली होती, त्यामुळे प्रेक्षक चिडले ते योग्यच. पण मेसेजमधलं प्रत्येक चित्र ‘चूक’ नाही. वेग दाखवायला अ‍ॅनिमेटर मुद्दाम ताणलेलं चित्र घालतात, ते एक-दोन फ्रेमच टिकतं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. सेकंदाला 24 फ्रेम असतात आणि टीव्हीसाठी एक चित्र साधारण तीन फ्रेम धरतात. वाकडा चेहरा दोन फ्रेममध्ये गेला तर ते तंत्र. बारा-पंधरा फ्रेम तोच चेहरा तसाच बसून राहिला, किंवा स्थिर चित्र नुसतं पार्श्वभूमीवरून सरकवलं असेल, तर ती खरी फजिती. पाचव्या भागातले बरेच शॉट दुसऱ्या प्रकारात मोडतात. पण मेसेजमधला पहिलाच, ठोसा मारतानाचा लांबट चेहरा, दोन फ्रेमसुद्धा धड टिकत नाही.