'मीटरने सिगारेट पकडता येत नाही' या मेसेजला उत्तर

वाशी-नेरूळपासून घोडबंदर रोडपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: हॉटेल-बारमधली हवा मोजून धूम्रपानबंदी पाळली जाते की नाही हे तपासणं म्हणजे थोतांड. बाहेरचीच हवा घाण, त्यात किचनचा धूर, मीटर काय वेगळं सांगणार? शिवाय एक्झॉस्ट आहे, प्युरिफायर आहे, स्मोकिंग झोन कायदेशीर आहे, वेटरांची तक्रार नाही. मग हॉटेलवाल्यांच्या पोटावर पाय कशाला?

कारखान्यातला कामगार श्वासावाटे काय आत घेतो हे मोजणं माझं रोजचं काम आहे. हा मेसेज ओळखीच्या समजूतदार माणसांनीही पुढे ढकलला, म्हणून सविस्तर लिहितोय.

'बाहेरचीच हवा खराब आहे.' आहेच. तळोज्याचे कारखाने, ठाणे-बेलापूर रोडवरचे ट्रक, गल्लोगल्ली चाललेली बांधकामं, कोण नाकारतंय? म्हणूनच मोजणारा माणूस आत शिरण्याआधी पाच मिनिटं दाराबाहेर हवा मोजतो, मग निदान अर्धा तास आत, आणि निघाल्यावर पुन्हा बाहेर. बघायचा असतो तो आतबाहेरचा फरक.

हा फरक किती पडतो याचा हिशोब कागदावरही करता येतो. एक सिगारेट जळताना साधारण 10 मिलिग्रॅम बारीक कण, म्हणजे पीएम 2.5, हवेत सोडते. साडेपाचशे चौरस फुटांचा, दहा फूट उंचीचा हॉल धरा. त्यात सुमारे 150 घनमीटर हवा मावते. दारं-खिडक्या बंद असतील तर एकट्या सिगारेटने त्या सगळ्या हवेत दर घनमीटरला 65 मायक्रोग्रॅमच्या आसपास भर पडते. आपल्या देशाचं बाहेरच्या हवेचं 24 तासांचं मानक 60 आहे. अर्ध्या तासाचा आकडा 24 तासांच्या मानकाला जोडून निकाल द्यायचा नसतो हे मला माहीत आहे. आकार कळावा म्हणून सांगितलं. आणि ही झाली एक सिगारेट. शनिवारी रात्री परमिट रूममध्ये एका वेळी किती पेटलेल्या असतात ते जाणाऱ्यांना ठाऊक आहे.

पावसाळ्यात मीटर चुकतं, हा मुद्दा मात्र रास्त आहे. दमट हवेत कण पाणी धरून फुगतात आणि स्वस्त सेन्सर जास्त आकडा दाखवतात. पण जुलैत दमट असते ती बाहेरची हवा. एसी हॉलमधली त्या मानाने कोरडी. म्हणजे फुगतो तो बाहेरचा आकडा, आणि फरक आहे त्यापेक्षा कमी दिसतो. चूक झालीच तर हॉटेलच्या फायद्याची होते.

'मीटरला तंदूर आणि सिगारेट यातला फरक कळत नाही.' नुसत्या मीटरला खरंच कळत नाही. आत लेझरचा झोत असतो, कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजला जातो. उदबत्ती, फोडणी, मच्छर कॉइल, सगळं त्याला सारखंच. म्हणून मीटरसोबत वही लागते. टेबल घ्यायचं हॉलच्या मधोमध, किचनच्या दारापासून लांब. यंत्र खांद्याच्या पिशवीत, त्याची नळी चेनमधून जेमतेम बाहेर, दर मिनिटाला नोंद. वहीत दर पंधरा मिनिटांनी पेटलेल्या सिगारेटी मोजून लिहायच्या आणि बाकी जे घडेल ते वेळेसकट: 9:10 गल्ल्यावर उदबत्ती, 9:25 शेजारच्या टेबलावर सिझलर. नंतर आलेख आणि वही शेजारी ठेवली की उलगडा होतो. सिझलर जवळून गेला की रेषा टोक काढते आणि खाली येते, कारण तो धुराचा लोट पुढे निघून गेलेला असतो. सिगारेट काही मिनिटं जळत राहते, रेषा चढत जाते, आणि ओसरायच्या आत दुसरी पेटली की पुन्हा उचलते.

किचनचं निमित्त सांगणाऱ्यांनी स्कॉटलंडचे आकडे बघावेत. तिथे मार्च 2006 मध्ये बंदी आली. त्याआधी आणि नंतर त्याच 41 पबमध्ये हवा मोजली: सरासरी 246 मायक्रोग्रॅमवरून 20 वर आली. पब तेच, बदलली ती फक्त सिगारेट. आपल्याकडेही 2008 चे धूम्रपानबंदीचे नियम आल्यानंतर मुंबईतल्या रेस्टॉरंटमध्ये अशी मोजणी झाली आहे, आणि ती करणारी हीलिस-सेखसरिया ही संस्था आपल्या नवी मुंबईतलीच.

तरीही शंका उरली तर निकोटीनचा बॅज आहे. डबीएवढी वस्तू, आत रसायन लावलेला फिल्टर, पंपही लागत नाही. आठवडाभर हॉलमध्ये टांगायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. तंदूरच्या धुराने तो भरत नाही. 'ते निकोटीन व्हेपचं असेल' म्हणाल, तर ई-सिगारेटच्या विक्रीवर 2019 पासून देशभर बंदी आहे.

'ही यंत्रं तिप्पट आकडा दाखवतात.' अर्धवट माहिती. लेझर यंत्रं कारखान्यात रस्त्याच्या धुळीवर बेतलेली असतात, त्यामुळे सिगारेटच्या धुराला जास्त आकडा येतो. या कामात सर्रास वापरल्या जाणाऱ्या साइडपॅक यंत्राचा आकडा म्हणूनच 0.32 ने गुणून मग छापतात.

'एक्झॉस्ट आणि प्युरिफायर लावलेत.' स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आत घेत नाही. प्युरिफायरचा हेपा फिल्टर कण अडवतो. कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन यांसारखे वायू त्यातून आरपार जातात. अमेरिकेच्या सर्जन जनरलने 2006 च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय की दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी पातळीच नाही, आणि वायुवीजनाने हा धोका संपत नाही. एसी-वायुवीजनाची मानकं लिहिणारी ॲशरे ही इंजिनिअरांची संघटनाही हेच सांगते.

'स्मोकिंग झोन कायदेशीर आहे.' हा मुद्दा सगळ्यात फसवा, कारण त्यात कायद्याचं नाव आहे. 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा आणि 2 ऑक्टोबर 2008 पासूनचे नियम काय म्हणतात? 30 किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, 30 किंवा जास्त आसनांचं रेस्टॉरंट, आणि विमानतळ, एवढ्यांनाच मुभा. तीही अशा खोलीला, जिला चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती आहेत, दार आपोआप बंद होतं, हवा थेट इमारतीबाहेर जाते आणि आतला दाब बाकीच्या जागेपेक्षा कमी आहे. मे 2017 पासून त्या खोलीत काहीही सर्व्ह करायलाही मनाई आहे. आता आपल्या भागातले 'झोन' आठवा. काचेचं अर्धं पार्टिशन, सतत उघडं दार, आत बिअर आणि चकल्या घेऊन ये-जा करणारा वेटर. हा झोन नव्हे, सरळ उल्लंघन.

दाब तपासायला मीटरही लागत नाही. टिश्यूची अरुंद पट्टी दाराच्या फटीपाशी धरा. ती खोलीच्या आत ओढली गेली पाहिजे. हॉलच्या बाजूला हलली, तर धूर जेवणाऱ्यांकडे येतोय.

'बोर्ड लावलाय, अजून काय हवं?' बोर्ड 60 बाय 30 सेंटिमीटरचा हवा आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचं नावही त्यावर हवं. ते बऱ्याच ठिकाणी कोरं असतं. टेबलावर ॲश-ट्रे ठेवला तर तोही नियमभंग. मग बोर्ड असला काय आणि नसला काय. सिगारेट ओढणाऱ्याला दंड 200 रुपयांपर्यंत. आणि तक्रार होऊनही मालकाने काही केलं नाही, तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्यावर. मीटर या दंडाचा पुरावा म्हणून कोणी मागत नाही. दुपारच्या तपासणीत जे हॉल स्वच्छ दिसतात ते रात्री अकराला कसे असतात आणि महापालिकेने पथक नेमकं कुठे पाठवावं, हे त्यातून कळतं.

'वेटरांची तक्रार नाही.' नोकरी कोणाला नको असते? गिऱ्हाईक दोन तासांत उठून जातं. टेबल पुसणारं पोर आणि गल्ल्यावरचा माणूस दहा-दहा तास तिथेच असतात, आणि त्यातले कितीतरी जण रात्री झोपायलाही त्याच हॉलमध्ये. कारखान्यात एवढा धूर असता तर आम्ही कामगाराच्या कॉलरला यंत्र अडकवून पाळीभराचा हिशोब मागितला असता. निकोटीनचा बॅजही कॉलरला लागतो. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही महापालिकांनी तो वेटरांना आठवडाभर लावून बघावा, आणि निकाल हॉटेलच्या नावासकट जाहीर करावा.