‘लहानपणी दिसला नाही म्हणजे नाही’ : ‘रोखठोक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

रोखठोक,

प्रतिक्रियेबद्दल आभार मानायची पद्धत आहे, म्हणून मानते. मोठेपणी स्वतःतला ऑटिझम कसा लक्षात येतो, या माझ्या लेखाखाली (त्यात ऑटिझमच्या एका प्रश्नावलीबद्दलही परिच्छेद होता) तुम्ही लिहिलेलं इथे पुन्हा देते. उद्या ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ हा घोळ नको.

“मॅडम, चाळिशीपर्यंत नोकरी-संसार नीट करून एके दिवशी रील बघून कुणाला ऑटिझम होत नाही. लहानपणी दिसला नाही म्हणजे नाही, इतकं साधं आहे. ती प्रश्नावली मीही सोडवली, मला ३४ गुण आले, मग मीही ऑटिस्टिक का? सगळेच थोडेफार तसे असतात. तुम्ही डॉक्टर नाही. यात खरी गरज असलेल्या मुलांचं नुकसान होतं. लेख मागे घ्या. आणि जरा कमी लिहा.”

मतभेदाला माझी कधीच हरकत नसते. पण ‘मॅडम’ने सुरू होऊन ‘कमी लिहा’वर संपणाऱ्या मजकुराला मतभेद म्हणत नाहीत, झापणं म्हणतात. मी डॉक्टर नाही हे लेखाच्या दुसऱ्या ओळीत आहे; तिथपर्यंत वाचलं असतंत तर तुमचं एक वाक्य वाचलं असतं. माझं स्वतःचं निदान प्रौढपणी, रीतसर झालेलं आहे. तपासणीला जाणाऱ्यांना टिपणं तयार करायला मी कित्येक वर्षं मदत करते आहे. तुमची पात्रता काय, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असो.

रीलबद्दलचं तुमचं अर्धं म्हणणं मात्र मान्य. टिकटॉकवरच्या ऑटिझमविषयक लोकप्रिय व्हिडिओंचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जेमतेम २७ टक्के व्हिडिओंतली माहिती अचूक निघाली, ३२ टक्क्यांत सरसकटीकरण होतं आणि ४१ टक्के चक्क चुकीचे होते. तेव्हा रील हा पुरावा नव्हे. पण रील पाहून शंका येणं वेगळं आणि रील पाहून निदान करणं वेगळं. माझा लेख पहिल्याबद्दल होता.

आता ते ‘इतकं साधं’ वाक्य. लहानपणी दिसला नाही. कुणाला दिसला नाही? आणि पाहणाऱ्याला काय शोधायला सांगितलं होतं?

अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन केलं आणि ऑटिझमचं चित्र त्या मुलांवरून ठरलं. (मानसोपचारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी अशा मुलांबद्दल रशियात १९२५ मध्येच लिहिलं होतं. ते पुढे कित्येक दशकं फारसं कुणी वाचलं नाही, हा वेगळाच संतापाचा विषय.) अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत ऑटिझमला स्वतंत्र जागा मिळाली १९८० मध्ये. तेव्हाच्या अटी अशा : सुरुवात ३० महिन्यांच्या आत, भाषेच्या विकासात ढोबळ उणीव, आणि इतर माणसांना प्रतिसाद देण्याचा जवळपास संपूर्ण अभाव. म्हणजे १९८५ साली आठ वर्षांची असलेली, घडाघडा बोलणारी, अभ्यासात पहिल्या पाचांत असणारी मुलगी व्याख्येतच बसत नव्हती. तज्ज्ञाकडे नेली असती तरी तो ‘नाही’ म्हणाला असता, आणि त्या दिवसाच्या नियमांनुसार त्याचं बरोबर असतं. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लोर्ना विंग यांनी १९८१ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्गर यांचं काम इंग्रजी वाचकांपुढे आणलं, पण अ‍ॅस्पर्गर हे निदान (भाषेत उशीर नसलेला ऑटिझम) त्या पुस्तिकेत शिरायला १९९४ उजाडलं. तोवर तुमचे ते चाळिशीतले बहुतेक लोक प्राथमिक शाळेतून बाहेर पडले होते. शिवाय २०१३ पर्यंत त्या पुस्तिकेनुसार ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष टिकवण्याची अडचण आणि अतिचंचलता) ही दोन्ही निदानं एकाच माणसाला देता येत नसत. ‘चंचल’ अशी एकदा नोंद झाली की पुढे पाहण्याचं कारणच उरत नसे.

पुस्तिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने हे बदललं. लक्षणं विकासाच्या सुरुवातीच्या काळापासून असलीच पाहिजेत, हे तिथेही आहे. हे तुम्हाला आवडेल. पण पुढचंही वाचा : सामाजिक अपेक्षा माणसाच्या कुवतीबाहेर जाईपर्यंत ती पुरती उघड होतीलच असं नाही, आणि नंतर शिकलेल्या युक्त्यांखाली ती झाकलेली असू शकतात. लक्षण असण्याची अट आहे. कुणाच्या नजरेत भरण्याची अट नाही.

मग मागे जाऊन ते शोधायचं कसं? आईवडिलांना ‘मी लहानपणी वेगळी होते का?’ असं विचारलं की उत्तर ‘छे, काहीतरीच!’ हेच येतं. वेगळं विचारावं लागतं. कुठल्या गोष्टींवर अडून बसायचे? बाहेर जाण्याआधी मला काय काय सांगून ठेवावं लागायचं? कुठले कपडे अंगावर ठेवतच नव्हते? खेळात नाटक रचायचे, की वस्तू लावून ठेवण्यातच खेळ संपायचा? मोठ्यांशी तासभर बोलणारं मूल बरोबरीच्या मुलांत गप्प का व्हायचं? उत्तरं येतात, आणि ती तक्रारी म्हणून येत नाहीत, कौतुक म्हणून येतात. ‘तुझं ताट नेहमी वेगळं वाढायचे, एक पदार्थ दुसऱ्याला लागलेला चालायचा नाही.’ ज्या घरात गरज आपोआप भागवली गेली, तिथे ती गरज म्हणून कुणाच्या लक्षातच राहत नाही. दुसरं ठरलेलं उत्तर असतं ‘आपल्या घरात सगळेच असे’. हा नकार समजू नये, ही माहिती आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून ऑटिझमचा आनुवंशिक वाटा साधारण ८० टक्क्यांच्या आसपास निघतो. आईवडील नसतील तर मोठं भावंड, शाळेचे शेरे, जुनी व्हिडिओ चित्रणं. ‘हुशार आहे पण मिसळत नाही’ हा शेरा वर्षानुवर्षं वेगवेगळ्या शिक्षकांच्या अक्षरात सापडला, तर त्याला वजन असतं.

आणि झाकणं म्हणजे काय, तेही सांगते, कारण ‘नीट’ या तुमच्या शब्दात नेमकं तेच दडलंय. कॅट-क्यू नावाची २५ प्रश्नांची प्रश्नावली २०१९ मध्ये आली, ती हेच मोजते. तिचे तीन भाग. एक, भरपाई : संभाषण आधी मनात पाठ करणं, दुसऱ्यांचे हावभाव बघून उचलणं. दोन, मुखवटा : डोळ्यांऐवजी भुवयांच्या मध्ये पाहणं, चेहऱ्यावर आत्ता काय दिसतंय यावर सतत पहारा. तीन, सामावून जाणं : नको असताना, नाटक केल्यासारखं लोकांत वावरणं. हे सगळं बाहेरून ‘नीट’च दिसतं. त्याची किंमत घरी येऊन अंधाऱ्या खोलीत मोजली जाते आणि ती बघायला सहकारी नसतात. मग बढती मिळून माणसं सांभाळायची वेळ येते, मूल होतं, आजारपण येतं, आणि युक्त्या पुरेनाशा होतात. येणारं बोलणं सुचेनासं होतं, सवयीचे आवाज असह्य होतात, स्वयंपाकासारखं रोजचं कामही जमत नाही, आणि हे महिनोन्‌महिने चालतं. बहुतेकदा यावर नैराश्याचं नाव लागतं. कधी ते असतंही. पण निव्वळ झाकण्याचा थकवा असेल तर ‘लोकांत मिसळा, बाहेर पडा’ हा सल्ला उलटतो, कारण ज्या गोष्टीने माणूस मोडला तीच वाढवून मिळते. कित्येकांना पहिली शंका इथे येते. बाकीच्यांना बहुधा आपल्या मुलाच्या तपासणीचा फॉर्म भरताना. चाळिशीत ऑटिझम ‘होत’ नाही, हे तुमचं बरोबरच आहे. चाळिशीत तो झाकणं परवडेनासं होतं.

लेखाचा मुख्य मुद्दाही तुमच्या हातून निसटला. निकष बाहेरून पाहणाऱ्याच्या भाषेत लिहिलेले असतात, म्हणून ते वाचून माणूस ‘हे मी नव्हे’ म्हणतो. ‘नजरभेट कमी’ असं वाचून तो विचार करतो, मी तर बघते की. डोळ्यांत पाहिलं की समोरचा काय बोलतोय ते हरवतं, हे कुणी विचारलेलं नसतं. ‘शब्दशः अर्थ घेणे’ वाचून वाटतं, मला म्हणी कळतात. पण ‘या कधी घरी’ हे खरंच बोलावणं होतं की निरोपाचं वाक्य, यावर आठवडाभर डोकं शिणतं. ‘मर्यादित आवडी’ म्हटलं की रेल्वेची वेळापत्रकं डोळ्यांपुढे येतात. तीच तीव्रता कुत्र्यांबद्दल, एखाद्या अभिनेत्याबद्दल किंवा मानसशास्त्राबद्दल असली की ती छंद म्हणून खपून जाते. भावना नसतात असा समज आहेच. प्रत्यक्षात साधारण निम्म्या ऑटिस्टिक लोकांना आपल्याला नेमकं काय वाटतंय ते ओळखायला आणि सांगायला जड जातं. वाटत नाही असं नव्हे. म्हणून पहिली ओळख पटते ती दुसऱ्या ऑटिस्टिक माणसाने आतून लिहिलेलं वाचून. ती ओळख म्हणजे निदान नव्हे. निदानाकडे जायचं कारण आहे.

तुमचे ३४ गुण. ती प्रश्नावली म्हणजे एक्यू (ऑटिझम स्पेक्ट्रम कोशंट), २००१ ची, ५० प्रश्नांची. तिच्या मूळ अभ्यासात ऑटिस्टिक गटातल्या सुमारे ८० टक्के लोकांना ३२ किंवा जास्त गुण होते आणि तुलनेच्या गटात २ टक्क्यांना. पण तुलनेला सर्वसाधारण लोक घेतले होते. सामाजिक भीती किंवा एडीएचडी असलेल्यांचेही गुण चढतात, त्यामुळे दवाखान्यात तो आकडा इतका नेमका राहत नाही. राड्स-आर या ८० प्रश्नांच्या दुसऱ्या प्रश्नावलीचं तेच : ६५ ची रेषा बरेच ऑटिस्टिक नसलेलेही ओलांडतात. आणखी एक. ५० प्रश्नांच्या प्रश्नावलीत ‘थोडं सहमत’ आणि ‘पूर्ण सहमत’ दोन्हींना एकच गुण आहे, म्हणजे तीव्रता मोजलीच जात नाही. उलट बाजूने, ऑटिस्टिक माणूस ‘पार्टीपेक्षा ग्रंथालय बरं’ या प्रश्नावर ‘कुठली पार्टी? कोण कोण असणार?’ इथेच अडकतो आणि मधलंच काहीतरी निवडतो. तेव्हा ३४ म्हणजे ऑटिस्टिक का? त्यावरून सांगता येत नाही. रोजच्या जगण्यात ठळक अडचण नसेल तर निदान होत नाही, गुण ४५ असले तरी. अडचण असेल तर तपासून घ्या. प्रतिक्रियेच्या रकान्यात ते व्हायचं नाही.

तपासायला जाणाऱ्या इतर वाचकांसाठी : दोन पानांचं टिपण पुरे. प्रत्येक निकषापुढे तीन रकाने : वयाच्या बाराव्या वर्षाआतलं उदाहरण, आजचं उदाहरण, आणि ते निभावण्यासाठी तुम्ही काय करता. तिसरा रकाना लोक गाळतात, आणि मग तज्ज्ञाला सगळं सुरळीत दिसतं. विशेषणं नकोत. ‘मला गोंगाट सहन होत नाही’ यापेक्षा ‘मिक्सर लावण्याआधी मला सांगावं लागतं’ हे कामाचं. वेळ ठरवतानाच विचारा : प्रौढांची तपासणी करता का, बालपणाची माहिती कुणाकडून घेता, दुसरं काय काय तपासून वगळता? समोर बसून करायची एडॉस-२ ही निरीक्षण-चाचणी साधारण तासाभरात उरकते आणि तासभर मुखवटा टिकवणं अनेकांना सहज जमतं. म्हणून एकट्या तिच्यावर निकाल लावू नये. तपासणीनंतरचे दोन दिवस कसे गेले, तेही कळवा.

दुसऱ्या शक्यता वगळण्याचा प्रश्न खरा आहे, आणि तो तुम्ही उपस्थित केला असतात तर मी आनंदाने चर्चा केली असती. सामाजिक भीतीत माणसाला संकेत कळतात, लोक काय म्हणतील ही धास्ती असते. ऑटिझममध्ये अगदी विश्वासाच्या माणसासोबतही न बोललेलं कळत नाही. ओसीडीतली (मंत्रचळातली) कृती नकोशी असून करावी लागते, तर ऑटिझममधलं हात हलवणं किंवा डोलणं बहुधा सुखावतं. मानसिक आघातानंतरच्या त्रासाला बहुतेकदा आधी-नंतरची रेघ काढता येते. आणि यांपैकी दोन-तीन गोष्टी एकाच माणसात असू शकतात, म्हणून घाई करायची नाही.

‘सगळेच थोडेफार तसे असतात.’ नसतात. सामाजिक संवादाचे तिन्ही निकष, पुनरावृत्तीच्या वागण्याच्या चार निकषांपैकी किमान दोन, बालपणापासून, आणि जगण्यात ठळक अडचण. एवढं सगळं एकत्र सगळ्यांना नसतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मुलांचं नुकसान : मदतीच्या गरजेचे तीन स्तर पुस्तिकेतच आहेत. मोठ्या माणसाने स्वतःला ओळखलं म्हणून कुठल्या मुलाची मदत कशी कमी होते, ते सविस्तर लिहा, मी छापेन. उलट ज्या आईला स्वतःचं कळलं, तिला मुलाचं लवकर कळतं, हे मी वारंवार पाहिलंय.

लेख मागे घेणार नाही. प्रश्नावलीच्या परिच्छेदाखाली ‘हा आकडा निदान नाही’ ही ओळ ठळक केली आहे. तुम्हाला ती दिसली नसेल तर आणखी कुणाला दिसली नसण्याची शक्यता आहेच. लांबीबद्दल म्हणाल, तर हे उत्तर मूळ लेखापेक्षा मोठं झालंय.